नोंदवही कोणाच्या खणात?

(कार्यकर्त्यांच्या अभ्यासवर्गात दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)

आजच्या व्याख्यानाचा विषय मी कळविला तेव्हा संयोजकांना थोडे आश्चर्य वाटले, आणि ते मी समजू शकतो. ज्या अभ्यासवर्गात सकाळी रोजगार हमीवर चर्चा झाली, तेथे दुपारी अमेरिकेत आणि युरोपात मोजक्या संख्येने निघणाऱ्या स्पोर्ट्‌स मोटारींच्या विक्रीविषयी बोलावयाचे, हे विसंगत वाटणे स्वाभाविक आहे. जिची किंमत येथे बसलेल्यांपैकी कोणाच्याही आयुष्यभराच्या कमाईहून अधिक, ती गाडी कोणाला मिळाली आणि कोणाला मिळाली नाही, याच्याशी आपला संबंध काय?

संबंध आहे, असे माझे म्हणणे आहे. टंचाई आली की वस्तूबरोबरच रांगेतली जागाही विकाऊ होते, हा अनुभव आपल्यातील प्रत्येकाने रॉकेलपासून घरापर्यंत कोठे ना कोठे घेतलेला आहे. परंतु जीवनावश्यक वस्तूंच्या बाबतीत लोकांची गरज, निसर्गाची अवकृपा, सरकारची चूक आणि व्यापाऱ्याचा लोभ ही सारी कारणे एकमेकांत इतकी गुंतलेली असतात की त्यांतले कोणते किती, हे वेगळे काढून दाखविता येत नाही. या मोटारींचे तसे नाही. त्यांची कोणालाही गरज नाही. त्या थोड्या निघतात त्या पोलाद कमी पडते म्हणून किंवा कामगार मिळत नाहीत म्हणून नव्हे. थोड्याच काढावयाच्या असे मालकाने ठरविलेले असते म्हणून. म्हणजे टंचाई येथे शुद्ध स्वरूपात पाहावयास मिळते.

प्रथम अमेरिकेतला व्यवहार कसा चालतो ते पाहू. तेथील बहुतेक राज्यांच्या कायद्यांनुसार जुन्या प्रस्थापित मोटार कारखानदारांना नवी गाडी ग्राहकाला थेट विकता येत नाही. ती स्वतंत्र विक्रेत्यामार्फतच, म्हणजे डीलरमार्फतच, विकावी लागते. या कायद्यांचा इतिहास आपल्या दृष्टीने उद्‌बोधक आहे. विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात अवाढव्य कारखानदार गावोगावच्या लहान विक्रेत्यांच्या गळ्यात न खपणाऱ्या गाड्या मारीत आणि त्याने कुरकुर केली तर एजन्सी काढून घेण्याचा धाक घालीत. विक्रेते संघटित झाले, राज्यांच्या विधिमंडळांकडे गेले, आणि १९५६ साली तर अशा विक्रेत्याला कारखानदारावर संघराज्याच्या न्यायालयात दावा लावता यावा यासाठी अमेरिकन काँग्रेसने स्वतंत्र कायदाच केला. मोठ्यापासून लहानाचे रक्षण करणारा हा कायदा होता. आपण त्या वेळी तेथे असतो तर आपणही त्याच्याच बाजूने उभे राहिलो असतो.

दोनच वर्षांनी, १९५८ साली, माइक मनरोनी या सेनेटरच्या पुढाकाराने दुसरा कायदा झाला. प्रत्येक नव्या गाडीच्या काचेवर किमतीचा कागद चिकटविलेला असला पाहिजे, असे त्याने ठरविले. तोपर्यंत गिऱ्हाइकाला मूळ किंमत कळण्याची सोयच नव्हती. तो कागद आजही लागतो आणि त्या सेनेटरच्याच नावाने ओळखला जातो. परंतु त्या कागदावरची किंमत ही कारखानदाराने 'सुचविलेली' किंमत असते. आपल्याकडे १९९० पासून वेष्टनबंद वस्तूंवर सर्व करांसह कमाल किरकोळ किंमत छापावी लागते, आणि तिच्या वर घेणे हा गुन्हा ठरतो. अमेरिकेतल्या मोटारीवरचा आकडा ही अशी कमाल मर्यादा नव्हे, ती केवळ सूचना असते. विक्रेत्याने ती मानलीच पाहिजे असे नाही. म्हणून ज्या गाडीला मागणी फार, तिच्या काचेवर त्या कागदाशेजारी विक्रेत्याचा दुसरा कागद दिसतो, आणि त्यावर 'मार्केट अ‍ॅडजस्टमेंट' अशा सभ्य नावाखाली हजारो डॉलरांचा वाढीव आकडा लिहिलेला असतो. मुंबईत ज्याला वर्षानुवर्षे 'ऑन' म्हटले गेले तेच हे. फरक इतकाच की तेथे ते उघडपणे काचेवर चिकटते आणि पूर्णपणे कायदेशीर असते.

या वरच्या पैशाची चर्चा तेथे पुष्कळ होते. परंतु माझ्या मते खरा प्रश्न त्याच्या आधीचा आहे, आणि तो वाटपाचा आहे. मोजक्या निघणाऱ्या गाड्यांपैकी कोणत्या विक्रेत्याला किती मिळावयाच्या, हे कारखाना ठरवितो. सामान्यतः ज्याने आधी साध्या गाड्या अधिक खपविल्या, त्याला दुर्मिळ गाड्यांचा वाटा अधिक मिळतो. वर्षभरात एखादी गाडी वाट्याला येणाऱ्या लहान गावच्या विक्रेत्याला ती अवाच्या सवा भावाने विकण्याचा मोह होतो. ज्याच्या वाट्याला पुष्कळ येतात तो विक्रेता मात्र निराळा हिशेब करतो. तो दुर्मिळ गाडी छापील किमतीलाच देतो, पण कोणाला? ज्याने त्याच्याकडून आधी तीन-चार साध्या गाड्या घेतल्या, त्या मुदतीआधी बदलल्या, दुरुस्ती तेथेच केली आणि जुनी गाडीही त्यालाच परत विकली, त्याला. वरून पाहता या गिऱ्हाइकाने एक पैसाही जादा दिलेला नसतो. वस्तुतः नको असलेल्या गाड्या घेऊन त्यांच्या घसाऱ्यात त्याने जे गमावले, तोच त्याचा 'ऑन' असतो. तो कोणत्याही कागदावर लिहिलेला नसतो, एवढेच.

फेरारी या इटालियन कंपनीने या पद्धतीला जवळजवळ शास्त्राचे रूप दिले आहे. बाजार मागेल त्याहून एक गाडी कमी काढावयाची, असे सूत्र तिचे संस्थापक एन्झो फेरारी यांच्या नावावर सांगितले जाते. २०१३ साली पुढे आलेली 'लाफेरारी' ही गाडी ४९९ निघाली. तिची किंमत दहा लाख युरोंच्या वर होती, तरीही पैसे घेऊन दारात उभा राहणारा कोणीही ती घेऊ शकत नव्हता. ती कोणाला द्यावयाची याची निवड कंपनी आपल्या जुन्या गिऱ्हाइकांतून करीत होती. पुढे मध्य इटलीतील भूकंपग्रस्तांच्या मदतीसाठी पाचशेवी गाडी बांधली गेली, आणि डिसेंबर २०१६ मध्ये झालेल्या लिलावात तिला सत्तर लाख डॉलर आले. त्यातला काही भाग दानबुद्धीचा धरला, तरी रांगेतल्या जागेचे मोल किती असू शकते याची कल्पना त्यावरून येते. २०२४ साली या कंपनीने जगभर मिळून १३,७५२ गाड्या दिल्या आणि दीड अब्ज युरोंच्या वर निव्वळ नफा मिळविला. कंपनीची इतर मिळकतही आहे, हे खरे. पण हा सारा नफा गाड्यांच्या संख्येने भागला तर दर गाडीमागे एक लाख युरोंहून अधिक पडतो. प्रामाणिकपणे हेही सांगितले पाहिजे की त्या वर्षीच्या नफ्यातून तेथील कामगारांना प्रत्येकी १४,४०० युरोंपर्यंत बोनस जाहीर झाला. टंचाईच्या या भाड्यात कामगाराला वाटा मिळतो म्हणून ते भाडे नाहीसे होत नाही. पण आपल्या सोयीचे नसलेले तथ्य लपवू नये.

येथे बाजारवादी अर्थशास्त्रज्ञ आपल्याला हटकतील. ते म्हणतील, किंमत मोकळी सोडा, म्हणजे रांग आपोआप संपेल. रांग ही किंमत दाबून ठेवल्याची खूण आहे. सरकारी नियंत्रणाच्या संदर्भात या युक्तिवादात पुष्कळ तथ्य होते, आणि त्याकडे मी पुढे वळणारच आहे. पण येथे तर किमतीवर सरकारचे कसलेच नियंत्रण नाही. दहा लाखांची गाडी तीस लाखांना जाऊ शकते हे ठाऊक असूनही कारखानदार ती दहा लाखांनाच का देतो? कारण रांग मोडण्यापेक्षा रांग राखण्यात त्याचा फायदा अधिक आहे. रांगेतल्या माणसाला इतर माल विकता येतो. रांगेतला माणूस तक्रार करीत नाही. आणि रांग दिसते म्हणूनच पुढच्या गाडीसाठीही लोक येतात. बाजार मोकळा असला की तो स्वतःहून समतोलाला येतो, हे सूत्र येथे लागू पडत नाही, कारण समतोल यावा अशी विकणाऱ्याचीच इच्छा नसते.

आणि गिऱ्हाइकाची अवस्था काय होते? तो अर्जदार होतो. २०१६ साली फोर्ड कंपनीने आपल्या 'जीटी' या गाडीसाठी अर्ज मागविले. पहिल्या पाचशे गाड्यांसाठी ६,५०६ अर्ज आले. गाडीची किंमत साडेचार लाख डॉलरांच्या घरात, आणि तरी अर्जदाराला आपल्याकडे आधी कोणत्या गाड्या आहेत, आपण समाजात कितपत ओळखले जातो, यांसारख्या प्रश्नांची उत्तरे द्यावी लागत होती. निवड झालेल्याने दोन वर्षे गाडी विकावयाची नाही, अशी अट होती. जॉन सीना या प्रसिद्ध कुस्तीगीर-अभिनेत्याने गाडी हाती आल्यावर लवकरच विकली, तेव्हा २०१७ साली कंपनीने त्याच्यावर दावा लावला, आणि पुढच्या वर्षी तो तडजोडीने मिटला. २०२२ साली जनरल मोटर्सनेही, 'कॉर्व्हेट झी-झिरो-सिक्स'सारखी गाडी वर्षाच्या आत विकणाऱ्याची हमी पुढच्या मालकाकडे जाणार नाही आणि विकणाऱ्याला पुन्हा अशा गाडीची नोंदणी करता येणार नाही, असे जाहीर केले; वर्षभर गाडी ठेवणाऱ्याला बक्षिसाचे गुण देऊ केले.

अर्ज, चौकशी, शिफारस, अटी, हस्तांतरणावर बंदी, मर्जी गेली तर पुढच्या वाटपातून नाव कमी. मित्रहो, हे वर्णन ऐकताना आपल्याला कशाची आठवण होते? ज्याला आपल्या देशात परमिट राज म्हणून हिणविले गेले, त्याचेच हे वर्णन आहे. परमिट राज ही केवळ सरकारी कचेरीत पिकणारी वस्तू आहे, अशी समजूत गेल्या तीन-साडेतीन दशकांत आपल्याकडे रूढ झाली. ती अपुरी आहे. टंचाई जिच्या हाती आणि यादीही जिच्याच हाती, अशी कोणतीही सत्ता परमिट राज चालविते. मग ती सचिवालयातील असो, नाही तर झगमगत्या शोरूममधील.

आता मला थोडे घरातले सांगू द्या.

आमचे अण्णा तालुक्याच्या गावी माध्यमिक शाळेत शिक्षक होते. १९७० च्या दशकाच्या प्रारंभी त्यांनी जिल्ह्याच्या गावातील एका विक्रेत्याकडे स्कूटरची नोंदणी केली. अनामत रक्कम पोस्टाच्या बचत खात्यात अडकली. त्यानंतर दर दिवाळीच्या सुट्टीत अण्णा एस.टी.ने जिल्ह्याच्या गावी जात आणि चौकशी करीत. एकदा मीही बरोबर होतो. दुकानातला कारकून टेबलाच्या खणातून एक लांबट नोंदवही काढी, तिचे पुठ्ठे आमच्याकडे आणि पाने स्वतःकडे राहतील अशी ती उभी धरी, बोटाने काहीतरी शोधल्यासारखे करी आणि म्हणे, "मास्तर, अजून वेळ आहे." ती वही त्याने आमच्या बाजूला कधी फिरविली नाही. आणि ती फिरवा असे अण्णांनीही कधी म्हटले नाही. त्याच अवधीत आमच्या गावातील एका अडत्याच्या दारात एकापाठोपाठ दोन स्कूटरी येऊन उभ्या राहिल्या.

आठ वर्षांनी पत्र आले. अण्णा पैसे घेऊन गेले. दुकानाबाहेर लिंबाखाली दलाल उभाच होता. छापील किमतीच्या वर त्याने जी रक्कम देऊ केली ती अण्णांच्या पाच-सहा महिन्यांच्या पगाराइतकी होती. त्या वर्षी आमच्या ताईला बी.एड.ला प्रवेश मिळालेला होता. अण्णा संध्याकाळी एस.टी.नेच परत आले. गाडी काही काळ कागदोपत्री आमच्या नावावर राहिली, पण तिला आमच्यापैकी कोणाचा हातही लागला नाही. ताई शिक्षिका झाली. अण्णा निवृत्त होईपर्यंत सायकलनेच शाळेत गेले, आणि या व्यवहाराविषयी त्यांनी घरात पुन्हा एक अक्षरही काढले नाही.

साऱ्या आयुष्यात दुसऱ्याचा पैसा न घेतलेला हा माणूस त्या दिवशी काळाबाजारवाला झाला का? पुष्कळ वर्षे मी या प्रश्नाशी झगडलो. आज माझे उत्तर असे आहे की जी व्यवस्था रांगेतल्या जागेला पगाराहून मोठी करते, ती सरळ माणसालाही दलालाच्या झाडाखाली नेऊन उभे करते. दोष फक्त झाडाखाली उभ्या असलेल्यांच्या नीतीत शोधला, तर खणातली नोंदवही सुखरूप राहते.

आणि येथे आपल्या विचारसरणीच्या लोकांनी आत्मपरीक्षण केले पाहिजे. मोटारींच्या वाटपावर १९५९ साली आणि स्कूटरींच्या वाटपावर १९६० साली नियंत्रणाचे हुकूम निघाले, त्यांमागचा हेतू चांगला होता. अपुरी वस्तू पैसेवाल्यानेच पळवू नये, क्रमाने मिळावी, हा तो हेतू. पण आपण किंमत बांधली, उत्पादनाला परवान्याचे कुंपण घातले, आणि यादी मात्र विक्रेत्याच्या खणात राहू दिली. उत्पादन वाढविण्याची परवानगी मागणाऱ्याला थांबविले, आणि परवाने अडवून बसणाऱ्याला थांबविले नाही. मुंबई विद्यापीठातील अर्थशास्त्रज्ञ डॉ. र. कृ. हजारी यांनी १९६७ च्या आपल्या अहवालात दाखवून दिले की मोठी उद्योगघराणी एकाच मालासाठी अनेक परवाने मागून प्रतिस्पर्ध्यांची वाट आधीच रोखून धरीत होती. म्हणजे मक्तेदारीला लगाम घालण्यासाठी घडविलेले हत्यार मक्तेदारानेच हाती घेतले होते. अमेरिकेत लहान विक्रेत्याच्या रक्षणासाठी केलेला कायदा पुढे गिऱ्हाइकाविरुद्ध विक्रेत्याची ढाल बनला, त्याचेच हे भारतीय रूप. कायदा कोणाच्या नावाने केला यावर त्याचा परिणाम ठरत नाही. यादी आणि पुरवठा कोणाच्या मुठीत राहिला यावर ठरतो.

रांग कशी मोडते, याचीही दोन उदाहरणे मोटारींच्याच जगात सापडतात. पहिले जॅग्वार कंपनीचे. १९८८ साली तिने 'एक्सजे २२०' ही गाडी प्रदर्शनात मांडली आणि पुढे पन्नास-पन्नास हजार पौंडांच्या अनामती घेऊन नोंदणी केली. मोजक्या गाड्यांसाठी झुंबड उडाली. गाड्या तयार होऊन १९९२ मध्ये बाहेर पडू लागल्या तोवर मंदी आलेली होती आणि दुर्मिळ गाड्यांचे भाव कोसळले होते. ज्यांनी जागा मिळविण्यासाठी धडपड केली होती त्यांतील अनेकांनी आता गाडी नको म्हणून माघार घेतली. इंजिन आधी सांगितल्याप्रमाणे नाही, ही तक्रार पुढे आली. ती खरीही होती, बारा सिलिंडरांच्या जागी सहाच आले होते. प्रकरणे न्यायालयात गेली. पण भाव चढते असते तर ही तक्रार कितीजणांनी केली असती? रांगेतली बरीच माणसे गाडीसाठी उभी नव्हती. ती रांगेतल्या जागेसाठीच उभी होती.

दुसरे उदाहरण पोर्शे कंपनीचे. २०१६ साली तिने 'नाइन-इलेव्हन आर' ही गाडी केवळ ९९१ नगांत काढली. अमेरिकेतली तिची सुचविलेली किंमत १,८४,९०० डॉलर होती. थोड्याच काळात दुय्यम बाजारात तिला त्याच्या कित्येक पट भाव मागितला जाऊ लागला. पुढच्याच वर्षी, २०१७ मध्ये, त्याच कंपनीने जवळपास तशीच, हाताने गिअर बदलण्याची गाडी संख्येची मर्यादा न घालता आणली. आदल्या वर्षीच्या गाडीचा फुगलेला भाव खाली आला. कोणाच्या नीतीत सुधारणा झाली म्हणून नव्हे, तर कुंपण थोडे उघडले म्हणून. आपल्याकडे १९८० च्या दशकात परवान्यांची बंधने सैल झाली, दुचाकींचे नवे कारखाने निघाले, आणि लिंबाखालचा दलाल कोणी न हटविता निघून गेला, तोही याच कारणाने.

"पण हे श्रीमंतांचे लुटूपुटूचे दुःख आहे," असे कोणी म्हणेल. तेवढेच असते तर मी तुमची दुपार घेतली नसती. चैनीच्या बाजारात जी रीत पचते, ती गरजेच्या बाजारात उतरण्यास वेळ लागत नाही. २०२१ साली संगणकीय चिपांचा तुटवडा पडला आणि जगभर साध्या मोटारींचे उत्पादनही घटले. त्याबरोबर अमेरिकेत 'मार्केट अ‍ॅडजस्टमेंट'चा तो दुसरा कागद साध्या कुटुंबाच्या गाडीच्या काचेवर येऊन चिकटला. मोटारींच्या किमतींचा अभ्यास करणाऱ्या एडमंड्स या संस्थेच्या पाहणीनुसार जानेवारी २०२२ मध्ये नवी गाडी घेणाऱ्या दर शंभरांतील सुमारे ८२ जणांनी सुचविलेल्या किमतीहून अधिक पैसे मोजले. वर्षभरापूर्वी असे शंभरांत तीनही नव्हते. ज्या देशात बहुतेक गावी सार्वजनिक बस जवळजवळ नाहीच, तेथे मोटार ही कामावर पोहोचण्याची अट असते. परिचारिकेला, गोदामातील कामगाराला ती टाळता येत नाही. स्पोर्ट्‌स मोटारीच्या गिऱ्हाइकाला 'नको' म्हणण्याचे स्वातंत्र्य होते. यांना ते नव्हते.

तेथील संघीय व्यापार आयोगाने डिसेंबर २०२३ मध्ये एक नियम केला. त्याने वरचे पैसे घेण्यास बंदीही केली नव्हती. गाडीची खरी एकूण किंमत आधी स्पष्ट सांगा आणि निरुपयोगी जोडण्यांचे पैसे माथी मारू नका, एवढेच त्याचे म्हणणे होते. विक्रेत्यांच्या संघटना न्यायालयात गेल्या, आणि जानेवारी २०२५ मध्ये अपील न्यायालयाने कार्यपद्धतीच्या मुद्द्यावर तो नियम रद्द ठरविला. किंमत स्पष्ट सांगा, एवढ्या साध्या मागणीलाही केवढा विरोध होतो, हे यावरून दिसते.

मग आपण काय मागावयाचे? तीन गोष्टी, आणि त्यांचा क्रमही महत्त्वाचा आहे. पहिली, वस्तू अपुरी का आहे याचे उत्तर. ती खरोखर अपुरी आहे की अपुरी ठेवली आहे? ठेवली असेल तर वाटपाच्या चर्चेत न अडकता पुरवठा वाढविण्याची मागणी केली पाहिजे. टंचाईचे न्याय्य वाटप हा टंचाईला पर्याय नव्हे. दुसरी, पूर्ण किंमत लेखी आणि आधी. तिसरी, आणि माझ्या मते सर्वांत दुर्लक्षित, म्हणजे यादी. तारीख आणि क्रमांक यांसह ती सर्वांना वाचता आली पाहिजे, आणि क्रम का बदलला याचे कारण त्याच पानावर नोंदलेले असले पाहिजे. जेथे सर्वांचा हक्क सारखा आणि जागा थोड्या, तेथे उघड सोडत काढली पाहिजे. १९८३ साली मारुतीच्या गाडीसाठी लाखाहून अधिक लोकांनी पैसे भरले, तेव्हा क्रम सोडतीने ठरला. आपल्या राज्यात म्हाडाची घरे आणि शिक्षणहक्क कायद्याखालील पंचवीस टक्के जागा सोडतीने दिल्या जातात. सोडत निर्दोष असते असे नाही. मारुतीच्या गाड्याही पुढे वरच्या भावाने विकल्या गेल्याच, कारण पुरवठा थोडाच होता. सोडतीने टंचाई जात नाही. पण सोडत कोणाची मर्जी विकू देत नाही, आणि कोणाला आठ वर्षे पुठ्ठ्याकडे पाहत उभे करीत नाही.

तुम्ही उद्या आपापल्या गावी परत जाल. तेथे कोणी रुग्णालयातील खाटेसाठी, कोणी शाळेतील प्रवेशासाठी, कोणी खताच्या पोत्यासाठी थांबलेले असेल, आणि मदतीसाठी तुमच्याकडे येईल. अशा वेळी कार्यकर्त्याला एक मोह होतो, आणि तो मलाही झालेला आहे. आपली ओळख वापरावी, एक फोन करावा, आणि आपल्या माणसाचे नाव वर सरकवावे. त्या माणसाचे काम होते, तो आपले उपकार मानतो, आणि आपण काहीतरी केले असे आपल्यालाही वाटते. पण त्या क्षणी आपण त्या खणाचे आणखी एक किल्लीवाले झालेलो असतो. आणि ज्याचे नाव आपल्यामुळे खाली गेले त्याला आपण कधी भेटतही नाही. फोन करू नका असे मी म्हणत नाही. अडलेल्या माणसाला तत्त्वज्ञान सांगून परत पाठविता येत नाही. पण फोनच्या आधी त्या माणसाला बरोबर घेऊन कचेरीत जा आणि यादी मागा. एकट्याने मागितली तर देत नाहीत, म्हणून दहाजण जा.

अण्णा कधी वही फिरवा असे म्हणाले नाहीत. ते भित्रे नव्हते. असे म्हणता येते, हेच त्यांना कोणी सांगितलेले नव्हते. ते सांगण्याचे काम आपले होते आणि आजही आपलेच आहे.